सवलत मिळते, वाचता कधी येणार?

प्रगतिपुस्तकातले काही शेरे पिढ्यान्‌पिढ्या बदललेले नाहीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘आळस सोडावा’, ‘वाचनाचा सराव हवा’, ‘वर्गात चुळबुळ करतो’. पालक शेरा वाचतात, मुलाला रागावतात, खेळ बंद करतात, शिकवणी लावतात. पुढच्या चाचणीनंतर तोच शेरा पुन्हा येतो. वास्तविक हे मूल तोंडी विचारले तर झटकन उत्तर देते, ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगते. धडा वाचायला उभे केले, की मात्र ते अडखळते. शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देते आणि वर्ग हसला की खाली बसते. पुढे पुढे ते हात वर करणेच सोडून देते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. ते वर्ष होते १९९६. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल गुण न कापणे, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा अशा या सवलती होत्या. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिसलेक्सिया’ हा शब्द घराघरांत पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला.

हे सारे आवश्यकच होते. पण त्याबरोबर एक गैरसमजही रुजला. प्रमाणपत्र मिळाले, सवलत मिळाली, की प्रश्न सुटला असे पालकांना आणि शाळांनाही वाटू लागले. सवलतीमुळे परीक्षेतला अडथळा कमी होतो, वाचायला मात्र येत नाही. या विषयावर सव्वाशे वर्षे जे संशोधन झाले, त्याचा सर्वांत ठाम निष्कर्ष असा, की या मुलांना वाचायला शिकवता येते. पण ते लवकर आणि पद्धतशीर शिकवावे लागते. आपल्याकडे नेमका हाच काळ वाट पाहण्यात जातो.

डोळ्यांकडून कानांकडे

या अडचणीचा शोध शाळेत लागला नाही, डॉक्टरांकडे लागला. ‘डिसलेक्सिया’ हा शब्द जर्मनीतील स्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८० च्या दशकात वापरला, तो मेंदूच्या आजारामुळे वाचन गमावून बसलेल्या प्रौढांसाठी. कसलीही इजा नसलेल्या मुलाचे गाजलेले वर्णन १८९६ सालचे आहे. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा चलाख होता, खेळात कुणाला हार जात नव्हता, ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने चटकन आणि बिनचूक केला. मात्र सातव्या वर्षापासून शिकवूनही त्याला साधे छोटे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल होई आणि ती त्याच्या ध्यानात येत नसे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

त्या काळात या विकाराला ‘शब्दांधत्व’ म्हणत. डोळ्यांना दिसलेल्या शब्दांची दृश्य स्मृती मेंदूत साठवली जात नाही, अशी कल्पना होती. पुढे १९२५ मध्ये अमेरिकेतील डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी मुले अक्षरे उलटी का वाचतात याची उपपत्ती मांडली. ‘या मुलांना अक्षरे उलटी दिसतात’ ही समजूत तिथून जी पसरली, ती आजही गेलेली नाही. १९७० च्या दशकात फ्रँक वेल्युटिनो यांनी तिची साधी परीक्षा घेतली. कुणालाच येत नसलेली हिब्रू अक्षरे त्यांनी मुलांना दाखवली आणि आठवून लिहायला सांगितली. वाचनात मागे असलेली मुले इतर मुलांइतकीच बरोबर निघाली. तेव्हा गफलत पाहण्यात नव्हती, दिसलेल्या अक्षराला आवाज जोडण्यात होती.

त्याच सुमारास अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत इझाबेल लिबरमन आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच गोष्टीकडे पाहत होते. बोलताना शब्द सलग बाहेर पडतो. तो सुट्या ध्वनींचा बनला आहे, हे लहान मुलाला आपोआप कळत नाही. वाचायला शिकताना नेमके हेच कळावे लागते. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन सुरू होण्यापूर्वीच त्यांनी सुमारे चारशे मुलांची पाहणी केली होती. सारख्या आवाजाचे शब्द ज्यांना ओळखता येत नव्हते, ती मुले पुढे वाचनात मागे पडली. त्यांच्यापैकी काहींना आवाज आणि अक्षरे जोडून शिकवल्यावर त्यांचे वाचन व शुद्धलेखन सुधारले. याचा अर्थ, अडचण आधी ओळखता येते आणि त्यावर इलाजही करता येतो.

तरीही डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचांचे चष्मे यांवर पैसे खर्च करणारे पालक कमी नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून स्पष्ट सांगितले, की या उपायांनी वाचन सुधारते याला शास्त्रीय पुरावा नाही. मुलाचे डोळे जरूर तपासावेत. पण चष्मा लागला नाही, तर डोळ्यांचा विषय तिथे संपवावा.

वाचणारा मेंदू घडवावा लागतो

बोलणे मूल आपोआप शिकते. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीची. वाचनासाठी निसर्गाने मेंदूत वेगळी जागा राखून ठेवलेली नाही. पाहण्यासाठी आणि बोलण्यासाठी असलेल्या भागांना जोडून प्रत्येक मुलाला ही वाट नव्याने पाडावी लागते. काहींची ती सहज पडते, काहींची कष्टाने. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिसलेक्सिया असल्याचे सांगणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक प्रौढांच्या जनुकांची तुलना केली गेली. तीत अडचणीशी संबंध असलेल्या ४२ जागा सापडल्या. म्हणजे ‘वाचनाचे जनुक’ असे एकच काही नाही. अनेक छोटे छोटे धागे आहेत. तेव्हा वडिलांना किंवा मामाला लहानपणी वाचन जड गेले असेल, तर मुलाकडे पहिलीपासूनच लक्ष असावे.

आनुवंशिक म्हणजे अटळ, असे मात्र नव्हे. २००२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संशोधकांनी वाचनात फार मागे असलेल्या आठ मुलांना ऐंशी तास कसून शिकवले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचे कार्य मोजले. वाचन सुधारलेच, शिवाय डाव्या मेंदूचा जो भाग आधी थंड होता, तो सरस वाचणाऱ्या मुलांप्रमाणे काम करू लागला. मुले आठच होती, हे विसरू नये. पण नंतरच्या अभ्यासांचा कलही त्याच बाजूला आहे. योग्य शिकवण्याने मेंदूतील कामकाज बदलू शकते.

आणखी एक जुनी समजूत बुद्ध्यांकाची. बुद्ध्यांक चांगला आणि वाचन कच्चे असेल, तरच त्याला डिसलेक्सिया म्हणायचे, असा दंडक अनेक वर्षे होता. बेताच्या बुद्धीचे मूल त्यातून आपोआप वगळले जाई. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या मेंदूच्या चित्रणात दोन्ही प्रकारच्या मुलांत आवाज जुळवताना सारखीच उणीव दिसली. तेव्हा ‘तुमचे मूल हुशार नाही, म्हणून ते वाचत नाही’ हे उत्तर कोणत्याही पालकाने मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही.

आपल्या बाराखडीची गोष्ट

हे बहुतेक संशोधन इंग्रजीवरचे आहे, आणि इंग्रजी ही वाचायला अवघड भाषा. २००३ मध्ये तेरा युरोपीय भाषांतील मुलांची तुलना झाली. पहिल्या वर्षाअखेर फिनलंड आणि ग्रीसमधील मुले सोपे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. स्कॉटलंडमधील इंग्रजी वाचणारी मुले जेमतेम एक-तृतीयांश शब्द बरोबर वाचत होती. पण म्हणून सोप्या लिपीत डिसलेक्सिया नसतो असे नाही. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिसलेक्सिक प्रौढांच्या मेंदूचे चित्रण झाले. तिघांतही उणीव एकाच जागी दिसली. इटालियन वाचणाऱ्यांच्या चुका मात्र कमी होत्या. नियमित लिपीत ही अडचण चुकांपेक्षा संथपणातून प्रकट होते. मूल वाचते बरोबर, पण इतके सावकाश, की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

मराठी पालकांनी हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. देवनागरी बोलते तशी लिहिते, हे बऱ्याच अंशी खरे. पण ती युरोपीय वर्णमालेसारखी नाही. मुलाला पंचवीस-तीस खुणा नव्हे, तर स्वर, व्यंजने, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून काही शे आकार ओळखावे लागतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत फरक एवढ्याशा वळणाचा. त्यात लिहिण्याचा आणि उच्चाराचा क्रमही दरवेळी जुळत नाही. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चारली जाते नंतर. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार त्याच्या आधी होतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदीच्या अभ्यासात दाखवले, की अशी ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द वाचताना वेळही अधिक लागतो आणि चुकाही अधिक होतात. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले, की आपल्यासारख्या लिपीत अक्षरज्ञान पुरे व्हायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा बराच अधिक काळ, म्हणजे काही वर्षे लागतात.

याचे दोन परिणाम होतात. एक तर जोडाक्षरे पक्की नसलेल्या दुसरीतल्या मुलावर घाईने शिक्का मारणे चुकीचे. दुसरे म्हणजे मराठी मुलाची परीक्षा मराठीतच व्हायला हवी. कितीतरी वर्षे आपल्याकडील तपासणीच्या कसोट्या इंग्रजीच्या होत्या. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा मुलाला वाचता येत नाही ते अक्षमतेमुळे, की भाषाच अनोळखी असल्यामुळे, हे त्यातून कसे ठरणार? आणि मराठी शाळेतल्या मुलाचा तर त्यात विचारच नव्हता. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली. तीत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. अशी साधने जिल्ह्याच्या गावातील शाळेपर्यंत पोहोचणे, हे खरे काम आहे.

चुळबुळ करणारे मूल

वाचनाच्या जोडीने दुसरी तक्रार असते ती लक्ष न लागण्याची. एकाच मुलात या दोन्ही अडचणी आढळण्याचे प्रमाण मोठे आहे. एक असेल तर दुसरी असण्याची शक्यता बरीच वाढते. त्यात कोणती मूळची हेही पाहावे लागते. जे मूल अर्धा तास न समजणाऱ्या अक्षरांकडे बघत बसले आहे, ते चुळबुळ करणारच.

अवधानाच्या या विकाराला आज ‘एडीएचडी’ म्हणतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी याला नैतिक संयमातील उणीव म्हटले होते. शब्द बदलत गेले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत लक्ष हा मुख्य मुद्दा झाला. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००७ मध्ये मांडलेला अंदाज असा, की साधारण ५.३ टक्के मुलांत हा विकार आढळतो. त्याच वर्षी अमेरिकेत ४४६ मुलांच्या मेंदूचे चित्रण प्रसिद्ध झाले. मेंदूच्या वरच्या थराची वाढ इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमारास जो टप्पा गाठते, तोच टप्पा या मुलांनी साडेदहाच्या सुमारास गाठलेला दिसला. वाढीचा क्रम तोच, गती संथ. ‘वयाच्या मानाने पोरकट आहे’ असे आजी म्हणते, त्यात पुष्कळ तथ्य असते.

पण ‘वयाच्या मानाने’ हे शब्द दुधारी आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही सीमा. डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान असते, जानेवारीतले सर्वांत मोठे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले, की डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याची शक्यता जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक होती आणि मुलींत ७० टक्क्यांनी. निव्वळ लहान असण्यालाच आजार ठरवले जात होते. एक वर्ष वाचावे म्हणून मुलाला लवकर पहिलीत घालणाऱ्या पालकांनी हे आकडे जरूर पाहावेत.

औषधांबद्दलही दोन टोकांची मते असतात. १९३७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी तीस मुलांना बेन्झेड्रिन दिले आणि अभ्यासात अचानक फरक पडलेला पाहिला. मुले तिला ‘गणिताची गोळी’ म्हणू लागली. १९९९ मध्ये ५७९ मुलांवरील मोठ्या प्रयोगात चौदा महिन्यांनंतर असे दिसले, की नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने चंचलता आणि दुर्लक्ष ही मुख्य लक्षणे केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक आटोक्यात येतात. मात्र तीन वर्षांनंतर गटागटांतला तो फरक उरला नव्हता. तज्ज्ञ डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेल्या औषधाला घाबरू नये. पण औषध मुलाला बाकावर बसवू शकते, वाचायला शिकवू शकत नाही. शांत बसलेल्या मुलापुढे कोणीतरी पुस्तक उघडावेच लागते.

कोण सापडते, कोण सुटते

शाळेच्या नजरेत येते ते त्रास देणारे मूल. १९९० मध्ये अमेरिकेत डॉ. सॅली शेविट्झ यांनी दुसरीतल्या मुलांची स्वतः चाचणी घेतली, तेव्हा वाचनाची अक्षमता ८.७ टक्के मुलग्यांत आणि ६.९ टक्के मुलींत आढळली. त्याच मुलांपैकी शाळांनी ‘अक्षम’ ठरवलेले मुलगे मात्र १३.६ टक्के आणि मुली फक्त ३.२ टक्के होत्या. मुलगे दंगा करतात म्हणून पकडले जातात. मुली मागच्या बाकावर गप्प बसतात आणि सुटतात. सुटतात म्हणजे मदतीला मुकतात. ‘गरीब आहे हो, अभ्यासात बेताची आहे’ असे म्हणत अशा मुलीची शाळा लवकर संपवण्याचे प्रकार आपल्याकडे कमी नाहीत.

आपल्या देशात यापेक्षाही मोठी अडचण आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना काही मेंदूची अडचण नाही. त्यांना नीट शिकवलेच गेलेले नाही. या गर्दीत खरोखर अडचण असलेले मूल कसे ओळखायचे? त्याला एकच मार्ग आहे. आधी सर्वांना चांगले शिकवा. पहिलीपासून आवाज आणि अक्षर यांची सांगड घालून, रोज थोडा वेळ, पुन्हा पुन्हा. जे तरीही मागे राहतील, त्यांना लहान गटात अधिक वेळ द्या. त्यानंतरही जे अडखळतील, त्यांची तपासणी करा. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने याच पद्धतीला मान्यता दिली. आधी नापास होऊ द्या, मग बघू, या जुन्या रीतीवरचा हा उतारा होता.

आठ वर्षांची वाट

आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान आठ वर्षांचे वय ठरवले. प्रमाणपत्रासाठी ते योग्यही आहे, कारण त्यापूर्वी शिक्का मारणे धोक्याचे. पण शाळा आणि पालक त्याचा अर्थ ‘आठ वर्षांपर्यंत काही करू नये’ असा घेतात. मग तिसरी-चौथीत धावपळ, शहरातील रुग्णालयाच्या खेपा, सहावी-सातवीत कागद हाती आणि दहावीला सवलत. या साऱ्या वर्षांत मुलाला वाचायला कोणीच शिकवलेले नसते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे यासाठी २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान जाहीर झाले. त्याचे यश मोजताना मागे राहिलेल्या मुलांचे पुढे काय केले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

घरात करता येण्यासारखेही पुष्कळ आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. बडबडगीते, गाण्याच्या भेंड्या, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते असले प्रश्न, ‘च’च्या भाषेत बोलणे, हे सारे शब्दाचे तुकडे करून पुन्हा जोडण्याचेच खेळ आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्यांत सतत अडचण येत असेल, तर ती खूण समजावी. मुलाला रोज दहा-पंधरा मिनिटे शेजारी बसवून वाचून घ्यावे आणि अडलेला शब्द न रागावता फोडून दाखवावा. पाहुण्यांसमोर वाचायला लावू नये. भावंडांशी तुलना करू नये. दुसरीच्या अखेरीस फरक पडला नाही, तर शिक्षकांशी बोलावे आणि तज्ज्ञांकडे जावे. ‘मोठा झाला की येईल’ यावर विसंबू नये. लक्ष न लागणे काही मुलांत वयाबरोबर निवळते. वाचनातील मागासलेपण मात्र वयाबरोबर वाढत जाते, कारण तिसरीनंतर इतिहासापासून गणितापर्यंत प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो.

सवलती हव्यातच. ज्या मुलाला आपण वेळेवर शिकवले नाही, त्याला दहावीच्या मांडवात जादा वेळ देणे हे आपले किमान कर्तव्य आहे. पण परीक्षा संपते, लेखनिक निघून जातो, आणि पुढे नोकरीचा अर्ज, बँकेचा कागद, औषधाच्या बाटलीवरची सूचना त्या मुलाला स्वतःच वाचावी लागते. म्हणून प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी शाळेने, आणि त्याखाली सही करण्यापूर्वी पालकांनी, एक प्रश्न विचारावा: या मुलाकडे आपण किती लक्ष दिले?